बुधवारचा भ्यायचा तास

जानेवारी लागला की आमच्या कॉलेजात ऑफिसच्या बाहेर एक खोकं येऊन बसतं. बहुतेक बुटाचं असतं. वरून रंगीत कागद, झाकणाला चीर, आणि पुढच्या अंगाला कुणीतरी बराच वेळ घालवून काढलेला मासा. गॅदरिंगचे फिशपाँड टाकायचं खोकं. ज्याला ज्याची टिंगल करायची असेल त्याने स्वतःचं नाव न घालता चिठ्ठीवर दोन ओळी खरडायच्या आणि चिरेतून आत सोडायच्या. मग संमेलनाच्या दिवशी स्टेजवरून माईकवर त्या वाचल्या जातात. ज्याच्यावर असतील त्याने लाजून हसायचं, बाकीच्यांनी शिट्ट्या मारायच्या. पोरं वर्षभर या दिवसाची वाट बघतात. मी मात्र त्या खोक्यावरून जाताना भराभर चालते. या कॉलेजात सांख्यिकी शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण ही सवय काही गेली नाही.

यंदा तर कमिटीची पोरं थेट माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, चिठ्ठ्या तपासायला तुमचं नाव टाकलंय."

"काढून टाका."

"आवं मॅडम, पन तुमी तपासल्यावर कुनाची तक्रार येनार न्हाई."

"काढा म्हटलं ना."

पोरं गेली. दाराबाहेर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लय कडक हाय गड्या." असेन. कडक व्हायला मलाही कुणीतरी मदत केलीच आहे.

हे दिवस तसे सांगलीचे सगळ्यात चांगले. सकाळी कृष्णेवरून धुकं येतं, दहापर्यंत हटत नाही. गावाबाहेर हळद शिजायला लागलेली असते, तिचा तो मातकट, ओलसर वास कपड्यांना चिकटून वर्गापर्यंत येतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, आणि त्यांच्या मागं ऊस ओढत पळणारी शाळेतली पोरं. हरभऱ्याचे डहाळे बाजारात येतात. मी डहाळे घेत नाही. दुसऱ्या कुणी सोलून समोर ठेवले तर खाते, पण बोटं घाटा फोडायला लागली की मन नको तिकडं जातं.

नव्वदच्या दशकातला तो एक हिवाळा. मी पलूसजवळच्या एका गावातून एसटीनं सांगलीला यायची. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की त्याच्या पोटात सांख्यिकीचा पेपर दडून बसलाय. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध. आणि सगळ्यांच्या आधी तो सिग्मा, बेरजेचं ते वाकडं ग्रीक चिन्ह. फळ्यावर सिग्मा काढला की माझ्या तळव्यांना घाम सुटायचा, इतका की वहीचं पान ओलं होऊन पेन त्यावर उठेना. पुढची ओळ दिसायची, पण वाचता यायची नाही. शेजारी मंगल बसायची. तिचे हात बर्फासारखे गार पडायचे. एकदा तिनं बाकाखाली माझा हात धरला आणि म्हणाली, "तुजा वल्ला, माजा गार. दोगींचं मिळून एक मढं व्हतंय." आम्ही दोघी तोंडावर ओढणी धरून हसलो. मंगल माधवनगरची. वडील तिथल्या मिलमध्ये, ती सायकलवरून यायची. तिच्या सायकलची घंटी वाजत नसे, म्हणून ती तोंडानंच 'बाजू बाजू' करत यायची.

माझ्या घरात भ्यायला परवानगी नव्हती. वडील फौजेत. सुट्टीवर आले की अंगणात खाट टाकून बसायचे आणि म्हणायचे, "डरनेका नहीं. फौजीची पोर हायस तू." आई त्यांच्याकडं बघून मान हलवायची आणि उसाला पाणी द्यायला जायची. ती एकटी पाणी द्यायला जायची, साप-किरडाला भीत नव्हती, कुणालाच भीत नव्हती. अशा घरात सिग्माला भिते असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि माझं नुसतं सिग्माचं नव्हतं. माझं त्याच्या आधीचं एक होतं, जे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पिसाळ सर त्याच वर्षी आमच्या कॉलेजला आले. मूळचे साताऱ्याकडचे, तरुण, शर्ट नेहमी चुरगळलेला. बाकीचे प्राध्यापक वर्गात आले की छापील पुस्तकासारखं बोलायचे. हे आपलं घरचंच बोलायचे. पहिल्या चाचणीचे पेपर वाटले तेव्हा निम्म्या वर्गाचे कागद कोरे होते. सरांनी कुणाला बोल लावला नाही. कोरे कागद एकत्र केले, हातात तोलून बघितले आणि म्हणाले, "ह्यास्नी गणित येत न्हाई आसं न्हाई. ह्ये भ्यालेत. भ्यालेल्या मानसाला फळ्यावर शिकवून काय उपेग?" आणि त्यांनी बुधवारचा शेवटचा रिकामा तास मागून घेतला. सायकल स्टँडच्या मागं चिंचेखाली एक जुना पार होता, तिथं ज्याला यायचं त्यानं यायचं. पोरांनी त्याला नाव दिलं, भ्यायचा तास. सरांनाही ते आवडलं.

मी आता बत्तीस पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या थाटात सांगू शकते की परीक्षेच्या भीतीवर काय काय करावं. पण खरं सांगायचं तर मला येतं त्यातलं बहुतेक त्या पारावर शिकवलेलं आहे. सर म्हणायचे, प्रश्न हातात आला की आधी पेन खाली ठेवायचं. नुसता वाचायचा, गोष्ट वाचतो तसा. कुणाचा ऊस, किती गाड्या, काय विचारतोय गडी. मग आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची. घाम आला तर पुसायचा, गणित कुठं पळून जात न्हाई. पोट ढवळलं तर श्वास हळू सोडायचा, घ्यायची घाई करायची न्हाई. आणि सिग्मा दिसला की मनात म्हणायचं, 'सगळं एकत्र कर म्हणतोय बिचारा, त्याचं दुसरं काही म्हणणं न्हाई.' मी अजून पोरांना हेच सांगते. 'बिचारा' हा शब्द मात्र मी सरांच्या आवाजात सांगत नाही.

एका बुधवारी सर हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले. म्हणाले, आज सोलायचं आणि खायचं, पण खायच्या आधी मोजायचं. कुठल्या घाट्यात एक दाणा, कुठल्यात दोन, खडूनं पारावर रेघा ओढायच्या. आम्ही सोलत होतो, मोजत होतो, आंबट हिरवं पाणी बोटांना लागत होतं. मंगलनं रिकामे निघालेले घाटे मागं फेकून दिले. सरांनी उठून ते वेचून आणले. "ह्ये का टाकलंस?"

"सर, ह्यात काय न्हाईच की."

"काय न्हाई ह्येबी मोजायचं असतं, पोरी. फोल घाटं सोडून दिलं तर सरासरी झकास येती, पन खोटी येती."

मंगल लाजली आणि रिकाम्या घाट्यांसाठी वेगळी रेघ ओढायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्यालाही येईल. सांख्यिकीवर माझा जीव बसला तो त्या पारावर, हे मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त लागलं.

त्या तासाचा एकच नियम होता. हितलं हितंच. इथं बोललेलं चिंचेच्या सावलीबाहेर न्यायचं नाही. दर बुधवारी कुणीतरी एक जण आपली भीती सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं नाही आणि उपदेशही करायचा नाही. एका मुलानं सांगितलं की आकडे बघितले की त्याला दुकानात गिऱ्हाईकासमोर मुस्काटात मारणारा चुलता आठवतो. दुसरा म्हणाला, मी पेपरात आधी देवाचं नाव लिहितो आणि मग तेच गिरवत बसतो. सांगून झालं की सर म्हणायचे, "बरं वाटलं?" आणि बरं वाटलेलं असायचं. एवढंच.

मग मी सांगितलं. दहावीच्या बोर्डाला गणिताच्या पेपरात मी बाकावर बसल्या जागी ओली झाले होते. बाहेर जायचं विचारायला हात वर केला असता तर सगळ्यांनी बघितलं असतं, म्हणून हात वर केला नाही. पेपर संपला, वर्ग रिकामा झाला, शिपाई दारं लावायला आला तोवर मी बसून होते. मग दप्तर मागं धरून भिंतीच्या कडेनं घरी गेले. घरी आईला सांगितलं, नळावर घसरले. तेव्हापासून गणिताच्या प्रत्येक पेपरात माझं निम्मं लक्ष त्या बाकावरच असतं. हे सांगताना मी पाराच्या दगडाकडं बघत होते. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "लय दिवस एकटीनं वागवलंस की गं." मी रडले. मंगलनं पाठीवर हात ठेवला. सायकल स्टँडकडं परत जाताना ती म्हणाली, "माजंबी एक हाय. तुज्याइतकं जमायचं न्हाई मला सांगाय, पन सांगनार. गॅदरिंग होऊ दे, त्याच्या पुढच्या बुधवारी." आणि तोंडानं 'बाजू बाजू' करत निघून गेली. त्या आठवड्याच्या चाचणीत माझा हात कोरडा होता.

गॅदरिंगला मुलींनी साड्या नेसायच्या अशी तेव्हाची पद्धत. मंगलनं मावशीची मोरपंखी साडी आणली होती, निऱ्या धरून धरून चालत होती. मैदानावर मांडव, मुली डाव्या अंगाला, मुलं उजव्या. फिशपाँड सुरू झाले तशी शिट्ट्यांनी कानाचे पडदे फाटायची वेळ आली. कुणाच्या केसांवर, कुणाच्या चालण्यावर, एका प्राध्यापकांच्या छत्रीवर. आम्हीही हसत होतो. आणि मग माईकवरच्या मुलानं माझं नाव घेतलं, सगळं, आडनावासकट, आणि वाचलं:

"आकडे दिसता हिच्या बाकाखाली तळं,
शेजारच्या मुलींनो, चपला घेऊन पळा."

यमकसुद्धा धड जुळलं नव्हतं. लोक मात्र हसले. काय ते बहुतेकांना कळलंच नाही, पण 'तळं' शब्दाला कुठं हसायचं हे पोरांना बरोबर कळतं. मागून कुणीतरी ओरडलं, "बादली आना रं." मी हसले. ज्याच्यावर असतं त्यानं हसायचं असतं, म्हणून हसले. दात दिसत होते आणि कानात काही ऐकू येत नव्हतं. स्टेजच्या कडेला पडद्यापाशी पिसाळ सर उभे होते. ते माझ्याकडंच बघत होते आणि हसत होते, पण टिंगलीनं नाही. मुलाला सायकल शिकवताना बाप मागून हात सोडतो आणि बघत राहतो, तसे बघत होते. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पारावर बसणाऱ्यांपैकी कुणी हे केलं, या विचारानं मी सगळ्यांची तोंडं आठवून बघितली. चुलत्यानं मारलेला, देवाचं नाव गिरवणारा. मंगलकडंसुद्धा एकदा बघितलं. तिचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. तिचा हात धरला तर बर्फ.

दुसऱ्या दिवशी मी सरांना शोधत गेले. वाटलं, त्यांना सांगावं, नियम मोडला, बघा. ते लायब्ररीच्या पायरीवर बसून शेंगा खात होते. मला बघून उठले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "ये. कसं वाटतंय?"

"सर, कुनीतरी हितलं भाईर नेलं."

"मीच न्हेलं."

सर खुशीत होते. म्हणाले, "हे बघ, तुजी भीती कशाची? लोकास्नी कळंल ह्याची. आता कळलं. सगळ्या कालेजसमोर कळलं. आभाळ पडलं का? तू तर हसलीस. मी बघितलं न्हवं, झकास हसलीस. आता पेपरात कुनाला भेणार?" आणि पसाभर शेंगा माझ्यापुढं केल्या. "दोन ओळी लिवायला मला रात पुरली न्हाई, यमक काय बसंना."

म्हणजे ज्या माणसानं नियम केला त्यानंच मोडला, तोही माझ्या भल्यासाठी. शत्रूनं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "सर, हितलं हितंच म्हनला हुतासा." माझा आवाज बारीक झाला होता.

"आगं, औषध कडूच आसतंय," सर म्हणाले, आणि मला वेड्यासारखं वाटलं, की यांना मी काय म्हणतेय तेच पोचत नाही. फसवल्यासारखं वाटलं. वाटलं कसलं, फसवलंच होतं. माझी गोष्ट माझी होती. ती कुठं, कधी, कुणासमोर हसून टाकायची हे ठरवायचा हक्क माझा होता. हे मला आज असं नीट म्हणता येतं. त्या दिवशी मी शेंगा घेतल्या, 'येते सर' म्हटलं आणि बाहेर येऊन गटारात टाकल्या.

पुढच्या बुधवारी मी पारावर गेले नाही. मंगलला मी सरांचं सगळं सांगितलं होतं, तरी ती गेली. सायकल स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून तिला सर पारावर बसलेले दिसले, आणि ती सायकल काढून घरी गेली. हे तिनंच मला सांगितलं. मी म्हटलं, मला सांग. ती म्हणाली, "आता नगं. आता कुनालाच नगं." चिंचेखालचा तास त्यानंतर थोडे दिवस चालला. लोक यायचे, सर गणितं घालायचे, भीती मात्र कुणी सांगेना. सर म्हणायचे, बघा, आता कुणाला भीतीच उरली न्हाई.

मार्चमध्ये परीक्षा. उन्हाचा चटका लागायला सुरुवात झालेली, द्राक्षांचे टेंपो रस्त्यावर. सांख्यिकीचा पेपर मी सोडवला तो रागानं. भीतीला जागाच उरली नाही, कारण रागानं सगळी जागा घेतली होती. पेन खाली ठेवलं, प्रश्न गोष्टीसारखा वाचला, सगळं सरांनी सांगितलं तसंच केलं आणि प्रत्येक आकड्यागणिक सरांशी भांडले. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले. माझ्या पुढच्या ओळीतला एक बाक त्या दिवशी रिकामा होता. मंगल आलीच नाही. घरात म्हणाले, ऑक्टोबरला बसेल. ऑक्टोबरच्या आधी तिचं लग्न ठरलं आणि ती कराडला गेली.

निकाल लागल्यावर सर मला शोधत आले आणि म्हणाले, "बघितलंस? लागू पडलं का न्हाई?" माझे मार्कही त्यांनी घेतले. पुढं एम.ए. केलं, हाच विषय शिकवायला लागले, आणि दरवर्षी कुठून ना कुठून कानावर यायचं की पिसाळ सर कुठल्याशा शिबिरात एका मुलीची गोष्ट सांगत होते.

गेल्या महिन्यात साताऱ्यात त्यांचा सत्कार होता. निवृत्त होऊन बरेच दिवस झालेत, पण जुन्या विद्यार्थ्यांनी जमवून आणला. मी जाणार नव्हते. मग का गेले? वाटलं, म्हातारपणी माणूस मागं वळून बघतो, एखादा शब्द बोलेल. सर थकलेत. शर्ट मात्र तसाच चुरगळलेला. शाल-श्रीफळ झालं, सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तीच गोष्ट काढली. चिंच, बुधवार, भित्री मुलगी, फिशपाँड. 'तळं' सुद्धा सांगितलं. लोक हसले. मग म्हणाले, "ती मुलगी आज स्वतः सांख्यिकी शिकवती, आणि हितं पुढच्याच रांगेत बसली हाय." सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मी हसले. ज्याच्यावर असतं त्यानं हसायचं असतं.

जेवणाच्या वेळी मी त्यांच्या पाया पडले. संस्कार आहेत, ते पडतातच. मग विचारलं, "सर, मंगल आठवती?"

"कोन मंगल?"

"माधवनगरची. घाटं टाकलेली. पेपरला न बसलेली."

सरांनी खरंच आठवून बघितलं. डोळे बारीक केले, कपाळावर बोटं ठेवली. त्यांच्यात कपट नव्हतं, कधीच नव्हतं. "न्हाई बाळ," ते म्हणाले, "आता किती पोरं आली नि गेली. जी तुज्यासारखी निगाली तीच ध्यानात ऱ्हात्यात." आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

परत येताना कराडला उतरले. मंगलचा पत्ता तिच्या मावसबहिणीकडून माहीत होता, पण धीर होत नव्हता. मंडईच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे, ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि लगेच ओळखलं. "आगं बया, तू." मला मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं. पोरांचं विचारलं, माझं विचारलं. एका पोरीला इंजिनियरिंगला घातलंय म्हणाली, "तिला आकड्यांचं काय न्हाई, माज्यावर गेली न्हाई ते बरं झालं." मी तिला सत्काराचं सांगितलं. ती हसून म्हणाली, "आजून त्येच सांगत्यात व्हय?"

मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं. "मंगल, त्या बुधवारी तू काय सांगणार हुतीस गं?"

मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं. तिचा हात धरावा असं मला फार वाटलं, गार आहे का बघावं.

"मी कुणाला सांगणार न्हाई," मी म्हटलं.

तिनं ब्लाऊजचा दोरा दातानं तोडला. "सरबी आसंच म्हनलं हुतं की," ती म्हणाली, अगदी मायेनं, माझ्याकडं बघत. "आनि तूबी आता त्येंच्यातलीच."

मग तिनं चाक फिरवलं आणि दुसऱ्या बाहीला हात घातला. "चा घेतीस न्हवं?" म्हणाली. मी व्हय म्हटलं.